कमळूचे पाच मार्क

कमळू मेंगाळनं कळव्याला दुसरं घर केलंय, अशी कुजबुज आमच्या गावात वीस-पंचवीस वर्षं चालली. बाईचं नाव इंदुमती. तिच्यापासून एक मुलगी, केस कुरळे, रंग आईवर. ही मुलगी कुणी पाहिली नव्हती, पण गावानं तिला वाढवलं मात्र हौसेनं. दर जूनला तिला एक यत्ता वर चढवली, तिच्या गोवर-कांजिण्या काढल्या, एकदा तर चौथीत नापासही केलं. कमळूची पोर इतकी हुशार कशी निघेल, असं कुणाच्या तरी मनात आलं म्हणून.

आमचं गाव किन्हवलीपासून तीन मैल आत. गावाच्या वर टेकडीच्या पोटाशी आंब्याची वाडी, वीस-बावीस घरांची. त्यातलं शेवटचं घर कमळूचं. वाडीतल्या लोकांची पत्रं माझ्या पिठाच्या गिरणीत ठेवायची, ही पद्धत माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची. वाडीकर दळणाला उतरले की घेऊन जात. दळण होईतो बसणं आलं, आणि चार बाया आणि एक सावळाराम एका ठिकाणी बसले म्हणजे तोंडं बंद राहणं कठीण. सावळाराम म्हणजे मी. गावात मला शेट म्हणतात, ते गिरणीच्या आवाजात ओरडायला सोपं पडतं म्हणून. शेटजींसारखं माझ्याकडं दुसरं काही नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीआधी कमळूच्या नावानं पहिलं कार्ड आलं. कमळूनं दुसरीतच शाळा सोडलेली, म्हणून ते मीच वाचून दाखवलं. अक्षर बाईचं, टपोरं, कसलीही घाई नसलेलं.

"सोमवारी सकाळी आठ वाजता यावे. आंघोळ करून यावे. धुतलेली बनियन घालावी. कुणाला सांगू नये. इंदुमती."

आता मला सांगा, असं कार्ड हातात आल्यावर माणसानं काय समजावं?

"कोण रे ही इंदुमती?" मी विचारलं.

"हाय एक."

"एक हाय ते दिसतंय. कुठली?"

"तेच सांगायचं नाय, म्हणलंय ना त्यात." कमळूनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, दुमडलं आणि पिठाच्या डब्यात पिठावर ठेवून झाकण लावलं.

सोमवारी पहाटे आमच्यातल्या कुणीतरी त्याला आटगाव स्टेशनावर पाहिलं. पांढरा शर्ट, डोक्याला तेल, पायात वहाणा. गुरुवारी परत आला तो हातात सफरचंदांची पिशवी घेऊन, आणि तोंडावर नवरदेवाची कळा. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरं कार्ड. मग ऑक्टोबरात. वर्षातून दोन वेळा, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, न चुकता. शिक्क्यावरून मुंबई एवढं कळत होतं. कळवा कुठून आलं विचाराल, तर आमच्या गावाला मुंबईकडचं कळव्यापुढचं तेव्हा फारसं ठाऊक नव्हतं.

त्याच्या बायकोचं नाव चंद्रकला. उंच, काळी, हसली की टेकडीखाली ऐकू यायची. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सुरुवातीला बायांनी चिडवलं तर ती उलट चिडवायची. "माज्या नवऱ्याला मुंबैत रस्ता वलांडता येत नाय, तो बाय कुठली सांभाळतोय? बाय त्याला सांभाळत असंल तर बरंच हाय गो, माजं काम वाचलं!" असं म्हणून ती दळणाचा डबा डोक्यावर घ्यायची आणि एक हात सोडून टेकडी चढायची.

पण एकच गोष्ट दहा वर्षं कानावर पडत राहिली की माणूस हसायचं विसरतो. दोन हजार नऊ सालच्या जूनमध्ये ती ज्वारी घेऊन गिरणीत आली. तिथं बसलेल्या एका बाईनं अगदी मायेनं म्हटलं, "गो चंद्रे, पोर पाचवीत गेली म्हणं. आता आण तिला घरी. तुज्याही म्हातारपणाला होईल." या बोलण्यात टोमणा नव्हता. बाईला खरंच तसं वाटत होतं. चंद्रकलेनं दळण तसंच तराजूवर टाकलं आणि ती निघून गेली.

पुढचं मला कमळूनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती घरी गेली, चुलीवर भात ठेवला आणि त्याला विचारलं, "पोर हाय का?"

"नाय."

"मंग जाता कुठं?"

कमळूनं चुलीत एक लाकूड सारलं.

"भात शिजंतवर टाइम हाय तुमाला. सांगा."

भाताला कड आला, पाणी आटलं, वाफ धरली. कमळू चुलीकडं बघत बसला. तिनं भात उतरवला, त्याला वाढला, तो जेवेपर्यंत समोर बसली, ताट धुतलं आणि लुगड्याचं गाठोडं घेऊन निघाली. मुरबाडच्या बाजूला, सरळगावच्या पुढं तिच्या भावाचं, नामाचं घर आहे. तिथं गेली ती गेलीच.

कमळू दोनदा तिला आणायला गेला. दोन्ही वेळा तिनं तोच प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा तो गप्प बसून परत आला. गावानं निकाल लावून टाकला की एवढं होऊनही जो बोलत नाही, त्याच्या पोटात नक्की पाप असणार.

त्यानंतर कमळू माणसातून उठल्यासारखाच झाला. टेकडीवरून सकाळी खाली यायचा, कुणाच्या बांधावर काम असलं तर करायचा, नसलं तर मोळी विकून परत. एकटा माणूस किती पीठ खाणार? तरी तो आठवड्याला पायलीभर नाचणी घेऊन यायचा आणि बाया उठून जाईपर्यंत बाहेर पायरीवर बसायचा. त्याच्याशेजारी कुणी बसत नसे. दळण घेताना पुरुषमाणसंसुद्धा डबा त्याच्यापुढं ठेवायची, हातात द्यायची नाहीत. वाळीत टाकलं होतं असं म्हणता येणार नाही. कुणी काही ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं.

कार्डं मात्र येत राहिली. एप्रिल आणि ऑक्टोबरात तो पांढरा शर्ट धुवायचा.

मग तो मोठा आजार आला, सगळं बंद पडलं. नंतर सगळं पुन्हा सुरू झालं, पण कार्ड आलं नाही. एप्रिल गेला, ऑक्टोबर गेला, पुन्हा एप्रिल गेला. तो दाराशी येऊन नुसता माझ्याकडं बघायचा.

"नाय आलं रे."

"बरं."

"फोन बिन नाय का तिचा?"

"नाय."

त्या वेळी मला, खरं सांगायचं तर, गंमतच वाटत होती. म्हाताऱ्याला बाईनं सोडलं, असं मी दोघा-तिघांना सांगितलंही.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात कार्ड नसतानाच तो पांढरा शर्ट घालून निघाला. त्याच दिवशी संध्याकाळी परत आला, सफरचंदांशिवाय. सरळ गिरणीत आला. पट्टा बंद होता, आत मी एकटाच. त्यानं शर्टाच्या आतून एक पाकीट काढलं. "शेट, वाचा. मोठ्यानं वाचा. आता चालतंय."

छापील नावाचा कागद होता, खाली सही, शिक्का. एका मेडिकल कॉलेजचा. त्यावर हातानं लिहिलं होतं:

"श्री. कमळू मेंगाळ, राहणार आंब्याची वाडी, हे १९९८ ते २०१९ या काळात आमच्या कॉलेजात डॉक्टरांच्या परीक्षेसाठी रुग्ण म्हणून येत होते. ही गोष्ट त्यांनी आजपर्यंत गुप्त ठेवली. आता ती कुणालाही सांगण्याची त्यांना मुभा आहे. डॉ. मिताली."

मी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा मनातल्या मनात.

कमळूला त्या दिवशी जेवढं बोलताना ऐकलं तेवढं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कागदाखाली फोन नंबर होता. मला कुठलं गप्प बसवतंय, दुसऱ्या दिवशी मी तो लावला. त्या डॉक्टर मितालीबाई तासभर बोलल्या, आणि दोन्हीकडचं जुळवून गोष्ट उभी राहिली ती अशी.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्याआधी कमळू सापगावला एकाच्या विहिरीच्या कामावर होता. तिथल्या शाळेत मुंबईच्या डॉक्टरांचं शिबिर आलं. बिस्किटं वाटतात असं कळलं म्हणून तो रांगेत उभा राहिला. एका शिकाऊ डॉक्टरनं त्याच्या छातीला डावीकडं नळी लावली आणि ठोके ठीक आहेत म्हणून कागदावर लिहिलं. मागं त्यांच्या मॅडम उभ्या होत्या. डॉ. इंदुमती खारकर. त्यांनी स्वतः नळी लावली, डावीकडून हळूहळू उजवीकडं नेली आणि तिथं थांबल्या. कमळूचं काळीज उजवीकडं आहे. पोटातलंही सगळं आरशात दिसावं तसं उलट. दहा हजारांत एखादा असा जन्मतो आणि त्याला बहुधा काही त्रास होत नाही.

बाईंनी चाळीसच्या चाळीस विद्यार्थ्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येकानं डावीकडं ऐकायचं आणि काय ऐकू आलं ते चिठ्ठीवर लिहायचं. सदतीस जणांनी लिहिलं, ठोके ठीक. दोघांनी काहीतरी रोगाचं नाव लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, "मला नीट ऐकू येत नाही." बाईंनी तिची चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हणाल्या, या खोलीत डॉक्टर आजच्या दिवसापुरती ही एकच आहे. ती मुलगी म्हणजे मिताली.

इंदुमतीबाईंच्या आधी, मितालीबाई सांगत होत्या, रुग्णाच्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर असे जमायचे जसं रस्त्यात कुणी पडल्यावर जमतात, आणि त्याच्या अंगावरून आपसात बोलायचे. बाईंनी प्रत्येक खाटेशी एक स्टूल ठेवलं. आधी बसायचं. मग नाव विचारायचं. नळी तळहातात धरून ऊब द्यायची, मग विचारून छातीला लावायची. जे ऐकू येतं तेच सांगायचं, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, त्याला पुरे मार्क. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शंभरातले पाच मार्क रुग्ण देणार. यावर आधी पुष्कळ दंगा झाला म्हणे. अडाणी माणूस डॉक्टरांना मार्क देणार? बाई म्हणाल्या, नळी गार होती की गरम, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आता ठिकठिकाणी शिकवतात, आणि जिथं शिकवतात तिथं खाटेशी स्टूल असतं.

तर चौदा नंबरच्या खाटेवर कमळू मेंगाळ, यत्ता दुसरी, वर्षातून दोन वेळा डॉक्टरांना मार्क द्यायचा. पोरगं बाहेर गेलं की बाई विचारायच्या, "किती?" आणि हा बोटं दाखवायचा. एका बड्या डॉक्टरच्या लेकाला त्यानं नुसती मूठ, म्हणजे शून्य, दाखवली होती. त्या पोरानं नाव न विचारताच बनियन वर केली म्हणून.

आता परीक्षेत कुठला रुग्ण येणार हे आधी फुटलं तर पोरं पाठ करून येतात. पूर्वी एकदा तसं झालंही होतं. म्हणून बाई कार्डावर परीक्षा हा शब्द कधी लिहीत नसत, कॉलेजचं नाव नाही, डॉक्टर नाही. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी कमळूला बजावलं होतं, "हे कुणालाही सांगायचं नाही."

"पण अरे, बायकोला?" मी त्याला विचारलं.

"कुनाला नाय म्हंजे कुनाला नाय. मी हो म्हणलो व्हतो शेट."

"बाईंना विचारायचंस तरी, बायकोला सांगू का म्हणून!"

"इचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ह्याच्या पोटात ऱ्हात नाय."

या वेळी तो कार्डाविना गेला तेव्हा चौदा नंबरच्या खाटेवर रबराचा माणूस झोपवलेला होता. त्याच्या छातीत यंत्र असतं, म्हणे, हवा तसा ठोका लावता येतो, डावीकडं किंवा उजवीकडं. कमळूनं त्याच्या हाताला हात लावून पाहिला. आता तिथंच शिकवणाऱ्या मितालीबाईंनी त्याला ओळखलं, बसवलं, आणि इंदुमतीबाई दीड वर्षापूर्वी वारल्या ते सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता सांगायची परवानगी मला कोन देनार?" मितालीबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तो कागद लिहून दिला.

"शेट," कमळू म्हणाला, "तुमी चला माज्यासंगं. मी वाचू शकत नाय. आन तुमी बोलायला पटाईत. चंद्री तुमचं ऐकंल."

माझ्याकडं त्या वेळी पोट दुखण्यापासून मुलाच्या येण्यापर्यंत सगळी कारणं तयार होती. पण तो पांढरा शर्ट घालून दाराशी उभा होता.

सरळगावला उतरून आम्ही दोन मैल चाललो. भातं कापून झाली होती. चंद्रकला नामाच्या दारात खळं सारवत होती. केस पार पिकलेले, उंची तेवढीच. आम्हाला पाहून तिनं सारवणं थांबवलं नाही.

"या शेट. तुमी कसं काय इकडं?"

"कागद आणलाय याचा. वाचून दाखवायला आलो."

"वाचा. माजं हात शेणात हायेत."

मी वाचलं, सही-शिक्क्यासकट. मग उजवीकडच्या काळजाचं, शिबिराचं, दिलेल्या शब्दाचं, सगळं सांगितलं. माझ्या नेहमीच्या चालीवर नाही, सरळ. ती ऐकत होती. काळजाचं आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"उजवीकडं हाय ते मला ठावं नाय काय? पयल्याच वर्षी कान लावला व्हता." ती पहिल्यांदा कमळूकडं बघून बोलली. "मला वाटलं, बाप्याचं तिकडंच असतंय."

कमळू खाली बघून हसला. मला वाटलं, जमलं. गाडी वळली.

"ती बाई मेली?"

"मेली," कमळू म्हणाला.

"म्हनून आलात. ती जिती असती तर आजबी नसता आलात."

कमळूनं खळ्याच्या कडेचं एक काटूक उचलून बाजूला टाकलं.

"तेवढंच व्हतं ना सांगायचं? डॉक्टरकडं जातो. तेवढंच. मी भात शिजंतवर थांबले." तिनं पुन्हा सारवायला घेतलं. मग हात न थांबवता म्हणाली, "बाईचं मी गिळलं असतं शेट. बाईचं मला कदी खरं वाटलंच नाय. पन पोर म्हणलं की माजं डोकं चालायचं नाय. समदा गाव तुमच्या गिरणीत बसतो. पोरीचं पयलं कोन बोललं?"

मी म्हटलं, "आठवत नाही गो."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग उठली, हात धुतले, आम्हाला चहा करून दिला. कमळूच्या कपात तिनं न विचारता साखर जास्त घातली. निघताना तो उंबऱ्याशी घुटमळला. "येतीस?" एवढंच विचारलं त्यानं.

"नाय. चौदा वरसं झाली. इथं माज्या शेळ्या हायेत, भावाची सून बाळंत व्हनार हाय. तिकडं येऊन मी काय करू? तुमी या कदी. दिवाळीला या."

सरळगावच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. कमळूनं कागद घडी घालून पुन्हा आत ठेवला. कागदाचं काम झालं होतं, तरी तो जपत होता. मला त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच शब्द सापडेनात. हात पुढं करून खांद्यावर ठेवावा म्हटलं, तेही झालं नाही. चौदा वर्षांत या माणसाला कुणी हात लावला असेल तर त्या शिकाऊ पोरांनी, तेही आधी तळहातात ऊब घेऊन, आणि आता तिथं रबराचा माणूस झोपला होता.

"शेट, येक सांगू?"

"सांग."

"बाई म्हणायच्या, ज्याला ठावं नाय आन जो तसं म्हणतो, त्याला पुरे मार्क. मगाशी चंद्रीनं इचारलं तवा तुमी कुनाचं बी नाव घेऊ शकला असता. तुमी म्हणलात, आठवत नाय." त्यानं हात वर केला आणि पाचही बोटं उघडली.

गाडी आली. तो मला खिडकीशी बसवून स्वतः मागं जाऊन बसला.

कमळूचं कळव्याला घर नव्हतं. इंदुमती ही पन्नाशीची डॉक्टर होती आणि तो तिच्याकडं परीक्षेला जात होता. मुलगी कधीच नव्हती. कार्डात फक्त बाईचं नाव होतं, आणि तेवढ्यावर गोष्ट रंगेना, म्हणून अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत गिरणीत बसलेल्या चार बायांपुढं मुलगी मी घातली.